रखवालदाराची शपथ

३ मार्च

बाबा,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. खोटं लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून नुसतं बाबा.

काल बचावाच्या वकिलांनी न्यायालयात एक कागद दाखल केला. शिक्का मारायला तो माझ्या टेबलावर आला आणि खाली तुमची सही दिसली. शिक्का अर्धा कागदावर आणि अर्धा टेबलावर उमटला. आमचे शिपाईमामा म्हणाले, “काय गं, भूत बघितलंस?” मी म्हटलं, “नाही. वडील.”

कागद दीड पानाचा असला तरी त्यात वाक्यं दोनच आहेत. एक, ख्रिस्ती आणि मुसलमान एकाच देवाची उपासना करत नाहीत. दोन, म्हणून मुसलमानाने ख्रिस्ती शास्त्रावर हात ठेवून घेतलेली शपथ त्याला बांधत नाही. पहिलं वाक्य तुम्ही चर्चसाठी लिहिलेल्या पुस्तिकेतलं. ते मी दहाव्या वर्षी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभी राहून तुम्हाला पाठ म्हणून दाखवलं होतं. दुसरं तुम्ही या खटल्यासाठी नवीन बेतलंत.

आठ महिने तुम्ही मला एक ओळ लिहिली नाहीत. कारण काय, तर मी साक्षीदारांना शपथ द्यायच्या नोकरीला लागले. आपल्या घरात शपथ घेत नाहीत आणि कोणाला घ्यायला लावतही नाहीत. माणसाचा शब्द पुरे असावा. ठीक. मग ज्याला शपथच मान्य नाही, तो दुसऱ्याची शपथ पक्की की कच्ची हे सांगायला कुठल्या तोंडाने येतो? मुलीला एक ओळ नाही, आणि त्या वकिलाला दीड पान!

वकिलांनी तुम्हाला किती सांगितलं आणि किती झाकलं, मला ठाऊक नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. मग म्हणू नका, मला माहीत नव्हतं.

मेणबत्त्यांच्या कारखान्यात भरदुपारी आग लागली, हे तुम्ही वाचलं असेल. पॅकिंगच्या खोलीत पाच बायका होत्या. पाचही गेल्या. खटला मॅनेजरवर आहे. तो म्हणतो, मागचं दार उघडं होतं, बायका घाबरून भलत्याच बाजूला पळाल्या. रखवालदार म्हणाला, दाराला बाहेरून कुलूप होतं. मॅनेजरने ते स्वतः लावलं, किल्ली खिशात टाकली आणि तो जेवायला गेला. हे पाहणारा माणूस तो एकटाच. साठी उलटलेला, एका कानाने कमी ऐकणारा. मुसलमान.

आता माझी चूक. आमच्या कपाटात शपथेसाठी दोन ग्रंथ असतात, एक आपला आणि एक त्यांचा. त्यांच्यात ग्रंथाला हात लावण्याआधी हातपाय धुऊन शुद्ध व्हावं लागतं, असं मी ऐकलं होतं. मी दिवसभर शाई आणि गोंदाच्या हातांनी तो उचलणार, हे मला बरं वाटेना. म्हणून मी घरी बसून त्याला कापडी कव्हर शिवलं. मग मनात आलं, त्यांच्या ग्रंथाला कव्हर आणि आपल्या शास्त्राला नाही, हे कसं दिसेल? उरलेल्या कापडातून दुसरं शिवलं. तोच निळा रंग. ओळखायला त्यांच्या कव्हरच्या कडेला पांढरा टाका घातला, आपल्याला पिवळा. दोन्ही जवळपास एकाच आकाराचे. शिपाईमामा म्हणाले होते, “जुळ्यांना आंघोळ घालताना गोंधळ होईल हां.” मी हसले होते.

साक्षीच्या दिवशी रखवालदाराला न्यायाधीश साहेबांचं बोलणं ऐकू येईना. साहेब ओरडले, मग माझ्यावरही ओरडले, “अहो, ग्रंथ द्या लवकर!” मी कपाटात हात घातला आणि जो लागला तो पुढे केला. संध्याकाळी आवरताना टाका पाहिला. पिवळा.

कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, बाबा. मी गप्प बसले असते तर आजही आलं नसतं. पण मी सात वर्षांची असताना आपल्या चष्म्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यातल्या डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल केली होती, आणि तुम्ही मला एकटीला त्यांच्या घरी पाठवलं होतंत. “माझी चूक झाली, चष्मा परत द्या,” एवढं सांगायला. त्यांनाही ती चूक कळलेली नव्हती. दोन दिवस मी कपाट उघडून पुन्हा पुन्हा तो टाका पाहिला. तिसऱ्या दिवशी मी साहेबांना लेखी कबुली दिली.

वाटलं होतं, रखवालदाराला परत बोलावतील, त्याच्या ग्रंथावर शपथ देतील आणि विषय मिटेल. साहेबांनी तसंच ठरवलं, तारीखही दिली. तारखेला चार दिवस असताना रखवालदार वारला. सकाळी उठला, मुलीकडे पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत गेला.

आता त्याचं बोलणं फक्त कागदावर राहिलंय आणि त्या कागदावर तुम्ही तुमचा कागद ठेवलात. तो उचला. वकिलांना कळवा की मागे घेतो.

तुमची मुलगी


९ मार्च

बाबा,

तुमचं कार्ड आलं. आठ महिन्यांनी तुमचं अक्षर पाहून मी पत्रपेटीपाशीच जिन्यावर बसले. मग वाचलं. ‘सत्य कोणाच्या सोयीचं आहे हे बघून सांगायचं नसतं. प्रकृतीस जप.’

प्रकृतीस काय जपू? इथे लोक म्हणतात, कारखान्याच्या मालकाने तुम्हाला काहीतरी चारलं. मी भांडले. म्हटलं, माझे बाबा विकले जाणाऱ्यांतले नाहीत. शिपाईमामा शांतपणे म्हणाले, “मग तर जास्तच कठीण आहे. विकला गेलेला माणूस कधी ना कधी फिरतो तरी.”

मला शपथ द्यायच्या कामावरून काढून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलंय. तक्रार नाही, चूक माझीच होती. पण तुमच्या लक्षात येतंय का, की तुम्ही माझ्या कबुलीचं हत्यार करून त्या वकिलाच्या हातात दिलंत? खरं सांगायला तुम्ही मला शिकवायचं, मी ते सांगायचं, आणि त्याच खऱ्याने मेलेल्या माणसाचं तोंड तुम्ही बंद करायचं. याला काय म्हणायचं? तुम्ही मला ‘तपासनीस’ म्हणायचात ना, दुकान बंद करताना मी कुलूप तीनदा ओढून बघायचे म्हणून. हा आता माझा तपास समजा.

प्रामाणिकपणे लिहिते: तुमच्या पहिल्या वाक्याशी मी भांडत नाही. मला तेवढं कळत नाही. आपण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणतो. ते म्हणतात, देवाला पुत्र असं म्हणणंच पाप. हा फरक किरकोळ नाही. लोक हसून म्हणतात, जाऊ दे गं, सगळे देव एकच. ते मला आवडत नाही. ज्याने आयुष्यभर एक गोष्ट मानली, त्याला तू ती मानतच नाहीस असं सांगितल्यासारखं वाटतं. पण तुमचं दुसरं वाक्य मी मान्य करणार नाही.

काल मी रखवालदाराच्या मुलीला भेटायला गेले. ती लॉन्ड्रीत इस्त्री करते. मी दारात उभी, हातात पाव किलो बिस्किटं. काय न्यावं कळलं नाही. तिने वर पाहिलं नाही. म्हणाली, “पावती?”

मी म्हटलं, “कपडे नाहीत. मी न्यायालयातली. ग्रंथ देणारी.”

तिने इस्त्री उभी केली. “तू होय! तुला कोणी विचारलं होतं का गं?”

“नाही.”

“कोणी बघितलं होतं?”

“नाही.”

“मग तोंड उघडायची एवढी खाज कशाला?”

मी सांगितलं की मला राहवलं नाही. ती म्हणाली, “तुला राहवलं नाही. तुझं मन हलकं झालं ना? बरं झालं. माझ्या वडिलांचं बोलणं मात्र पाण्यात गेलं. त्या पाचजणींत एक माझी मैत्रीण होती.”

मी रडायला लागले. त्याची आता लाज वाटते, कारण रडायचा हक्क तिचा होता. मग मी नको ते बोलून बसले. म्हटलं, “शेवटी तुमचा आणि आमचा देव एकच ना...”

“हे बघ,” ती म्हणाली, “गळ्यात पडू नकोस. माझे वडील रोज पाच वेळा उभे राहायचे, ते तुझ्या वडिलांच्या देवासमोर नाही. तुमचं ते मुलगा-बिलगा त्यांनी कधी मानलं नाही. तेवढ्यापुरते तुझे वडील बरोबर बोलतात. पण माझे वडील खोटं बोलले असतील असं म्हणायची सोय त्यांनी करून दिली, त्याचं काय?”

याचं उत्तर तुम्ही द्या. कार्डावर मावणार नाही, पाकीट घ्या.

तुमची मुलगी


२० मार्च

बाबा,

उत्तर नाही. आईचा फोन आला होता. म्हणाली, “मी तुझ्या बाबांना म्हटलं, अहो, पोरीचं तरी ऐका. तर मला म्हणतात, तू यात पडू नकोस. तीस वर्षं मी पडतेच आहे की, आता कुठे उठू?” मग म्हणाली, “तू पण त्यांच्यावरच गेलीस. दोघंही एकदा ‘खरं’ म्हटलं की घराचं काय होतंय ते बघत नाही.” मला ते लागलं. तुम्हालाही लागावं म्हणून लिहिलं.

तुम्हाला समन्स मिळालं असेल. साहेबांनी ठरवलंय की नुसत्या कागदावर निर्णय द्यायचा नाही, तुम्ही येऊन बोलायचं आणि सरकारी वकिलांनी तुम्हाला प्रश्न विचारायचे.

मी पुन्हा लॉन्ड्रीत गेले होते. या वेळी बिस्किटं नव्हती, धुवायला चादर होती. तिने चादर घेतली, पावती दिली आणि मला बसायला स्टूल सरकवलं. मी विचारलं, “एक विचारू? त्यांना कळलं होतं का?”

“काय?”

“की ग्रंथ त्यांचा नाही.”

ती चादरीवर नंबर टाकत होती. तो पुरा केला. मग म्हणाली, “हात ठेवल्याबरोबर कळलं. आमचं पुस्तक उजवीकडून उघडतं. पुस्तकाची शिवलेली बाजू भलत्या हाताला लागली. घरी येताना बसमध्ये मला सांगितलं.”

“मग ते बोलले का नाहीत?”

“मी पण तेच विचारलं. चिडलेच. म्हणाले, ती पोरगी आधीच साहेबाच्या ओरडण्याने पांढरी पडली होती. आणि म्हणाले, शपथ पुस्तकाची नसते, शपथ अल्लाची असते. मी मनात त्याचंच नाव घेतलं. पुस्तक चुकलं म्हणून दाराचं कुलूप थोडंच निघतं?”

बाबा, तो माणूस माझ्यासाठी गप्प राहिला, आणि मी माझ्यासाठी बोलले. हे रोज सकाळी उठल्याबरोबर आठवतं.

मी म्हटलं, “हे तुम्ही न्यायालयात सांगा.” ती म्हणाली, “सांगितलं की सरकारी वकिलांना. मुलगी बापाच्या बाजूनेच बोलणार, असं समोरचे म्हणतील, म्हणाले.” मग माझ्याकडे तिरकं बघून, “सगळ्या मुली बोलत नाहीत म्हणा.”

त्यानंतर मी एक गोष्ट केली. चोरून करणार नाही, म्हणून तुम्हाला आधी कळवते. तुम्हाला विचारायचा एक प्रश्न मी सरकारी वकिलांना लिहून दिलाय. असं करायला मनाई आहे का, हे पाहायला नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. मनाई सापडली नाही. तरी मन खात होतं, म्हणून प्रश्न दिल्याचं साहेबांनाही लेखी कळवलं. शिपाईमामांनी कपाळाला हात लावला. “तू चोरी करायला गेलीस तर आधी पोलिसांना पत्ता देशील.”

प्रश्न काय ते लिहीत नाही. साक्ष द्यायला येणाऱ्याला प्रश्न आधी सांगणं बरं नव्हे.

तुम्ही त्यावर खोटं बोलणार नाही, याची मला खात्री आहे. तुमच्याबद्दल एवढी एकच खात्री उरली आहे आणि तिच्यावर पाच बायकांचा न्याय अडकलाय. म्हणून तरी या. आजारी पडू नका.

तुमची मुलगी


४ एप्रिल

बाबा,

तुम्ही मला न भेटता बाजूच्या दाराने गेलात. मी व्हरांड्यात उभी होते. तुमची पिशवी दिसली, मग पाठ, मग तीही नाही. बोलायचं नव्हतं तर नको, पण मान तरी वळवायचीत.

तुमचा चेहरा साहेबांकडे होता, त्यामुळे तुमच्या मागे काय घडलं ते तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही म्हणालात, “मी शपथ घेत नाही. खरं बोलेन.” साहेबांनी ते चालवून घेतलं, तेव्हा मागच्या बाकावरून रखवालदाराची मुलगी मोठ्याने म्हणाली, “वा! यांना शपथेशिवाय चालतं!” शिपाईमामांनी तिला बाहेर काढायला हवं होतं. ते खिडकी बंद करायला गेले. खिडकी बंदच होती.

मग बचावाच्या वकिलांनी तुमच्याकडून तुमची दोन्ही वाक्यं वदवून घेतली. तुम्ही ती स्पष्ट बोललात. मॅनेजर त्यांच्यामागे पायावर पाय टाकून बसला होता. तुम्ही प्रत्येक वाक्य संपवलंत की तो मान डोलवायचा, प्रवचनात डोलवावी तशी.

सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात माझी चिठ्ठी होती. 

त्यांनी विचारलं, “हा रखवालदार त्या दिवशी खोटं बोलला असता, तर त्याचा जाब त्याला कोणी विचारला असता?”

तुम्ही म्हणालात, “देवाने.”

“कोणत्या देवाने? त्याच्या की तुमच्या?”

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. परत घातलात. बचावाचे वकील उठायला लागले, साहेबांनी त्यांना हाताने खाली बसवलं. मी मनात म्हणत होते, बोला, बाबा, बोला. त्या वेळी मला तुमचा इतका राग आला होता आणि तुमची इतकी भीती वाटत होती.

तुम्ही म्हणालात, “दुसरा आहेच कुठे?”

आणि मग लगेच, कोणी विचारलेलं नसताना, “पण त्यांनी त्याला ओळखलेलं नाही, हे मी अजूनही म्हणतो.”

सरकारी वकील म्हणाले, “त्यांनी ओळखलं की नाही, ते राहू द्या. देवाने या रखवालदाराला ओळखलं असतं का?”

तुम्ही म्हणालात, “हो.”

हा शेवटचा प्रश्न माझा नव्हता. तो त्यांचा. श्रेय घ्यायला नको म्हणून सांगते.

रखवालदाराची मुलगी बाहेर मला म्हणाली, “तुझे वडील म्हणजे महाखडूस.” मी म्हटलं, “हो.” ती म्हणाली, “आमचे पण तसेच होते.” आणि बस पकडायला पळाली.

साहेबांनी आज आदेश दिला. जाब विचारणारा आहे, म्हणून शपथ बांधते; साक्ष ग्राह्य. रखवालदाराचं बोलणं शब्द न् शब्द नोंदीत राहणार. मला शपथेच्या कामावर परत घेतलंय. साहेब म्हणाले, “त्या दोन्ही पुस्तकांची कव्हरं आधी काढा.” मी काढली.

मला वाटलं होतं, आज राग जाईल. गेला नाही. जे तुम्ही मला टेबलाशी बसवून शिकवलंत, की पाहणारा एकच आहे आणि तो सगळीकडे पाहतो, ते तुमच्या तोंडून काढायला न्यायालय भरवावं लागलं. तेच तुम्ही कागदात लिहिलं असतं तर? महिनाभर त्या मुलीला आपल्या बापाच्या खरेपणाची भीक मागत फिरावं लागलं नसतं. तुमचा सिद्धांत तुमच्याजवळ ठेवा, मी तो मागत नाही. पण त्याच्या टोकाला माणसं उभी असतात, बाबा, आणि तुम्ही पाहिलं नाहीत.

आता पुढचं. मंगळवारी अकरा वाजता मॅनेजरची साक्ष आहे. तो आपल्याच गावचा, तुम्हाला ओळखतो; रविवारी तिथल्या चर्चमध्ये तुमच्या मागच्या ओळीत बसतो, मीच त्याला कितीदा गाण्यांचं पुस्तक दिलंय. शास्त्रावर हात ठेवून तो सांगणार की दार उघडं होतं. त्याच्या हाताखाली ग्रंथ बरोबर असेल. तो मीच देणार आहे, या वेळी कव्हराशिवाय, नाव त्याला दिसेल असा धरून. त्याच्या शपथेत कोणाला काही खोट काढता येणार नाही, तुम्हालासुद्धा नाही.

तुम्ही या. साक्षीदाराच्या बरोबर समोर, पहिल्या बाकावर बसा. त्याला तुमच्याकडे बघत बोलू दे.

तुमची मुलगी